सदतीस वेळा बरं आहे

दोन वर्षं मी मुळशी तालुक्यात राहत होते, पण मुळशी पाहिलेली नव्हती. जांब्याला चौथ्या मजल्यावर माझी खोली आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीवर वाळत घातलेले कपडे दिसतात, त्यामागे हिंजवडीच्या कंपन्यांच्या काचा, आणि पावसाळ्यात धुकं उतरलं की तेही दिसत नाही. आमच्या वाशीमच्या वाचनालयाच्या अंकासाठी "तिकडचं काहीतरी लिही" असं तिथल्या सरांनी कळवलं, तेव्हा माझ्याकडे सांगण्यासारखा एकच प्रवास होता. तो एका दिवसाचा आहे आणि आनंदाचा नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातल्या एका बुधवारी सकाळी साडेसहाला मी निघाले. निघण्याचं कारण आधी सांगायला हवं, कारण मी काय काम करते हे घरी अजून कुणाला नीटसं कळलेलं नाही. आठ जणांच्या एका नव्या कंपनीत मी डिझाइन करत होते. म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर काय दिसेल, बटण कुठे असेल, ते कशाचं आहे हे माणसाला न सांगता कळेल का, हे ठरवायचं. आमच्या ॲपचं नाव 'बरंय'. गावात एकटे राहणारे म्हातारे आईबाप आणि दूर नोकरीला असलेली त्यांची मुलं, यांच्यासाठी ते होतं. सकाळी सात वाजता आईबापांचा फोन वाजायचा, पडद्यावर तळहाताएवढं हिरवं बटण यायचं, त्यावर लिहिलेलं : 'बरं आहे'. ते दाबलं की मुलाच्या फोनवर हिरवी खूण उमटायची. नऊपर्यंत दाबलं नाही, तर मुलाला सूचना जायची.

बस, एवढंच. कंपनी सुरू करणाऱ्या सौरभला आधी दोन बटणं हवी होती, एक हिरवं आणि एक 'मदत हवी' असं लाल. दुसरं मी काढायला लावलं. पहिली आवृत्ती जितकी लहान तितकी बरी असं आमच्या धंद्यात मानतात, आणि मी ते जरा जास्तच मानत होते. "म्हाताऱ्या माणसांपुढे दोन बटणं ठेवली तर चुकीचं दाबलं जाईल," मी म्हणाले होते. "एकच ठेवू. दाबलं म्हणजे बरं आहे, नाही दाबलं म्हणजे बरं नाही. यात चुकायला जागाच नाही." सगळ्यांना पटलं. मला त्याचा अभिमान होता, हेही लिहून टाकते.

मुळशीतल्या एकवीस घरांत ही पहिली आवृत्ती चालू होती. जुलैचा हिशोब लागला तेव्हा कुणी किती वेळा बटण दाबलं याची यादी निघाली. बहुतेक घरांचे आकडे महिन्याच्या दिवसांइतके किंवा थोडे कमी. पौडच्या पुढच्या एका घराचा आकडा मात्र जवळजवळ दुप्पट. सौरभ खूश झाला. "बघ, दिवसातून दोन-दोनदा दाबतायत! एवढं आवडलंय त्यांना." त्याच आठवड्यात शुक्रवारी बाहेरचे काही लोक आमचं काम बघायला येणार होते. त्यांच्यासमोर त्या घराची गोष्ट सांगायची असं ठरलं. घरच्या मुलाला आम्ही निरोप पाठवला होता, त्याचं उत्तर आलेलं नव्हतं. तरी वाटेतली आणखी दोन घरं करत मी तिकडे जायचं आणि फोटो आणायचे, असं ठरवून निघाले.

हिंजवडीहून रिक्षानं माण ओलांडलं की काचेच्या इमारती एकदम संपतात. मग भाताची खाचरं (बांध घालून पाणी अडवलेली शेतं) लागतात आणि मध्येच कुठल्याशा कारखान्याची लांबच लांब भिंत. लावण्या उरकत आल्या होत्या. एका खाचरात गुडघाभर पाण्यात 'प्लॉट विकणे आहे' अशी पाटी उभी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंनी बायका रोपं लावत पुढे सरकत होत्या. पाऊस म्हणावा असा नव्हता, पण थांबतही नव्हता. आमच्याकडे पाऊस येतो, झोडपतो आणि जातो. इथे तो मुक्कामाला आल्यासारखा असतो. छत्री उघडावी तर लाज वाटते आणि मिटली तर तासाभरात अंग ओलं.

घोटावड्यात पहिलं घर होतं लक्ष्मणकाकांचं. नवराबायको दोघंच, लेक ठाण्याला. काका गोठ्यात होते. मी ओळख सांगितल्यावर त्यांनी आधी म्हशीला पेंढा टाकला, मग हात धुऊन ओट्यावर बसले.

"कसं वाटतं ते ॲप?" मी वही उघडली.

"सकाळच्या पारी बोंबलतं लई," काका म्हणाले. "दाबल्याबिगर गप बसत न्हाई. म्हशी बुजत्यात. मग दाबतो."

"आणि एखाद्या दिवशी बरं नसलं तर?"

"बरं नसलं तरी त्ये बोंबलतंच की."

मी हसले आणि लिहिलं : आवाज थांबवण्यासाठी दाबतात, सुधारणे. काकूंनी तांदळाची भाकरी आणि टाकळ्याची (पावसात आपोआप उगवणाऱ्या पाल्याची) भाजी वाढली. मेथीसारखी लागेल असं वाटलं होतं, ती जरा उग्र निघाली, पण लसणाच्या फोडणीत छान लागली. मी जेवत असताना काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"पयलं लेक रोज सांच्याला फोन करायची," त्या म्हणाल्या. "काय जेवली, काय शिजवलं, समदं इचारायची. आता म्हनती, आई, मला दिसतंय की तू बरी हायेस. आता आयतवारी करती."

हे मी लिहिलं नाही. त्यात सुधारण्यासारखं काय आहे, ते मला तेव्हा सुचलं नाही.

पिरंगुटला पोचायला दहा वाजून गेले. घाटातून खाली उतरताना रिक्षावाल्याला समोरचा ट्रक दिसत नव्हता, फक्त त्याचे दिवे. पिरंगुट म्हणजे कारखाने, त्यांच्या पाळ्या सुटण्या-भरण्याची गर्दी, चिखलानं माखलेल्या बस आणि बाजार. तिथे दुसरं घर होतं नानांचं. मुलगा कॅनडात. नानांनी शेताच्या कडेला ओळीनं खोल्या बांधून कामगारांना भाड्यानं दिल्या आहेत, आणि त्यांतल्याच पहिल्या खोलीत ते स्वतः राहतात. मोठं घर मागे आहे, बंद. "येवढ्या घरात एकला काय करू?" असं म्हणाले.

नानांच्या एका डोळ्याला हिरवी पट्टी होती. ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते.

मी यादी पाहिली. नानांच्या घरून महिनाभर एकही दिवस न चुकता हिरवी खूण गेली होती. ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा. "दवाखान्यात फोन बरोबर होता का, नाना?"

"न्हाई. फोन हितंच. आमचा भाडेकरू दाबतोय. मला सकाळचं उठवत न्हाई."

तो भाडेकरू दारातच उभा होता, रात्रपाळी करून आलेला. "अंकल सोते रहते हैं," तो म्हणाला, "तो मैं ही दबा देता हूँ. नहीं तो बेटा परेशान होगा."

नाना मोठ्यानं हसले. "पोराला वाटतंय बाप ठणठणीत. मी दोन दिस डोळं बांधून पडलोय पुन्यात, आन हिकडं माजं हिरवं जातंय!"

या वेळी मला हसू आलं नाही. बस थांब्यावरून मी सौरभला फोन करून दोन्ही घरांचं सांगितलं. तो म्हणाला, "हे पुढच्या आवृत्तीत घेऊ. ते पौडच्या पुढचं घर चुकवू नकोस फक्त. चांगल्या उजेडात फोटो काढ." उजेड नव्हताच कुठे. मी आकाशाकडे पाहून बरं म्हणाले.

पौडला बस रिकामी झाली. तालुक्याचं गाव असलं तरी त्या दिवशी ते निजल्यासारखं होतं. कचेरीबाहेर ओली माणसं कागद छातीशी धरून उभी होती. तिथून पुढे वडाप (माणसं भरेपर्यंत थांबणारी जीप) मिळाली. भरायला पाऊण तास लागला. ड्रायव्हरला मी वस्तीचं नाव सांगितलं. ते इथे लिहीत नाही. तिथल्या माणसांची परवानगी मी घेतलेली नाही, म्हणून त्यांची नावंही बदलली आहेत.

"त्या वस्तीवं आता दोनच घरं," ड्रायव्हर म्हणाला. "त्यातल्या एकाला कुलूप. धोंडिबाला बघाया आलाव व्हय?"

"हो, नवराबायको दोघांनाही," मी म्हणाले. त्याच्या बोलण्यातला अर्थ माझ्यापर्यंत पोचलाच नाही.

वाट धरणाच्या काठाकाठानं जात होती. पाणी राखाडी, वर धुकंही राखाडी, दोन्ही एकमेकांत कुठे मिसळतात ते कळत नव्हतं. डोंगरांचे फक्त पाय दिसत होते, त्यांवरून पांढऱ्या रेघा उतरत होत्या. पर्यटक इथे येऊन ओरडतात म्हणे. त्या दिवशी कुणी नव्हतं. जीपमधून उतरल्यावर अर्धा तास चढाची पायवाट होती. पहिल्याच चढावर माझा बूट चिखलात रुतला आणि पाय मोकळा बाहेर आला. तो उपसून काढेपर्यंत हात कोपरापर्यंत लाल झाले. एका ओहोळात धुतले आणि पुढे गेले.

घराला सिमेंटचे पत्रे होते. पुढे पडवी, तिथे सरपण रचलेलं, आणि एक वयस्क बाई शेगडीवर पाणी तापवत होती. भागूबाई. मी लांबूनच हाक मारली.

"मावशी, मी कंपनीतून आलेय. मोबाइलवरचं ते हिरवं बटण आहे ना, त्यांच्याकडून."

ती उठून उभी राहिली. हात लुगड्याला पुसले. माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिली आणि मग घरात तोंड करून म्हणाली, "आवं, आली बगा. बटनवाली मानसं आली."

मग मला म्हणाली, "लई उशीर केलास, पोरी. मी लई दाबलं व्हतं."

आत खाटेवर धोंडिबा पडले होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं, उजवा हात छातीवर कुणी ठेवून दिल्यासारखा. डोळे माझ्याकडे वळले. ते काहीतरी म्हणाले, पण तो नुसता आवाज होता. मी उंबऱ्यातच उभी राहिले. माझ्या बुटांतून चिखलाचं पाणी जमिनीवर गळत होतं.

भागूबाईनं मला पडवीत बसवलं आणि सांगायला सुरुवात केली. ते तिच्या शब्दांत जमेल तसं लिहिते.

"त्या दिशी सकाळी ह्यास्नी उठाया हुईना. त्वांड वाकडं. म्या वळखलं, अंगावरनं वारं गेलंया (लकवा झाला). फोन वाजला. म्या म्हनलं बरं झालं, दाबते, पोराला कळंल. दाबलं. वाट बगितली. येत का न्हाई कोन? मग परत दाबलं. पाऊस असा व्हता की समोरचं झाड दिसंना. शेजारचं घर बंद, ती मानसं पुन्याला. खाली गावात जायाचं तर ह्यास्नी कुनाजवळ ठिवू? पडत्याल खाटंवरनं. मग बसून दाबत ऱ्हायले. त्येल चोळायची, आन दाबायची."

"मावशी, तुम्ही मुलाला फोन का नाही केला?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला उत्तर नको होतं.

"मला करता येत न्हाई ह्याच्यावं. जुना फोन व्हता त्यावं दोन आकडा दाबून धरला की संतोषला लागायचा. त्यो काडला त्यानं. ह्यो दिला, तुमच्या बटनासाठी. म्हनला, आई, आता काय बी करू नगं, ह्ये दाबलं की मला हितली खबर कळती." ती थांबली. "खबर कळती म्हनला. मला वाटलं समदी कळती."

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध न्यायला येणारा माणूस, जो आदल्या दिवशी पावसामुळे आला नव्हता, तो वर आला तेव्हा त्यानं पाहिलं आणि गाडी बोलावली. डॉक्टर म्हणाले, पहिल्या काही तासांत आणलं असतं तर बोलणं तरी वाचलं असतं.

माझ्या फोनमध्ये यादीची सविस्तर प्रत होती. आम्ही बेरीज पाहिली होती, ती उघडून कुणी पाहिली नव्हती. मी त्या पडवीत बसून ती उघडली. तेवीस जुलैपर्यंत रोज एक ओळ. चोवीस जुलैला सदतीस. पहिली सात वाजून दोन मिनिटांची. मग सात पाच. सात वीस. दुपारी बारा ते एकमध्ये नऊ. शेवटची संध्याकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांची. त्यानंतर एकही नाही. एका बाईनं दिवसभर मदत मागितली होती, आणि प्रत्येक वेळी आम्ही तिच्या मुलाला कळवलं होतं की घरी बरं आहे. खरं तर तेही एकदाच. पहिल्यांदा दाबल्यानंतरचं पुन्हा पाठवायचं नाही, त्रास होतो, हेही मीच ठरवलं होतं.

"पोरगं माझ्याशी बोलत न्हाई," भागूबाई म्हणाली. "दवाखान्यातनं आल्यापास्नं. भाकर वाढली की जेवतुया, उठतुया. म्हनतोय, बा असा पडला असताना तू बरं हाय म्हनून कसं सांगितलंस? मला वाचाया येतंय का? त्याच्यावं काय लिवलंय मला काय ठावं?"

"मावशी, तुमचं काही चुकलेलं नाही," मी म्हणाले. "ते बटण मी तसं केलं होतं. त्यावर दुसरं बटण हवं होतं, मदतीचं. ते मी काढलं."

तिनं माझ्याकडे वळून पाहिलं. "तू केलंस?"

"हो."

"येवढी शिकलीस. मग एका म्हाताऱ्या मानसाला इचारायचं तरी."

ती चिडली नव्हती. खरोखरच विचारत होती. मी सांगू शकले असते की ऑफिसातल्या सगळ्यांना दाखवलं होतं, सगळ्यांना ते एका क्षणात समजलं होतं. तिनं मला कोरा चहा दिला. तो मी प्यायले, कारण न पिणं आणखी वाईट दिसलं असतं.

दोनच्या सुमारास संतोष आला. हैदराबादला नोकरी, वय पस्तीसच्या आसपास, रेनकोटमधून औषधांची पिशवी काढून त्यानं ती आईकडे न पाहता फळीवर ठेवली. मी कोण हे कळल्यावर म्हणाला, "तुमचा मेसेज आला होता. उत्तर द्यायचं राहिलं. तुमची काही चूक नाही मॅडम, ॲप बरोबर होतं. मी आईला बजावलं होतं, बरं नसेल तर दाबू नको. ती विसरली."

ही सबब त्यानं मला आपणहून दिली होती. शुक्रवारी येणाऱ्या लोकांपुढे हेच सांगता आलं असतं. सौरभला हेच आवडलं असतं. वाक्य तयार होतं, फक्त मान हलवायची होती. आणि आत भागूबाई धोंडिबांच्या पायाला तेल लावत होती, तिला सगळं ऐकू जात होतं.

मी फोन त्याच्या हातात दिला. "हे वाचा."

त्याला आधी समजलं नाही. "हे काय आहे?"

"चोवीस तारखेला तुमच्या आईनं बटण दाबलं त्या वेळा. सदतीस. बटण दाबलं की तुम्हाला खबर कळते, असं त्यांना वाटत होतं. त्या दिवसभर तुम्हाला बोलावत होत्या."

तो वाचत गेला. अंगठ्यानं पडदा वर सरकवला, पुन्हा खाली आणला. पडवीच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता.

"माझ्याकडे एकदाच हिरवं आलं," तो म्हणाला.

"आम्ही बाकीची पाठवत नव्हतो."

"पण तुमच्याकडे होतं हे? त्याच दिवशी?"

"होतं."

"कुणी पाहिलं?"

"नाही. कुणीच नाही."

तो मला मारेल असं क्षणभर वाटलं. त्यानं फोन माझ्या मांडीवर टाकला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला. मग उठला, आत गेला. मी तिथून पाहिलं नाही, फक्त ऐकलं.

"बाजूला सर, आई. मी लावतो."

"ऱ्हाऊ दे. झालंच."

"तू जेवलीस का?"

ती काय म्हणाली ते कळलं नाही. थोड्या वेळानं ताटाचा आवाज झाला. फोटो मी काढले नाहीत.

चार वाजता संतोष म्हणाला, "चला, पौडपर्यंत सोडतो." पायवाट उतरून आम्ही खाली लावलेल्या त्याच्या मोटरसायकलवर बसलो. स्टँडवर उतरल्यावर त्यानं हेल्मेट काढलं. त्याचे डोळे लाल होते, वाऱ्यानंही असतील.

"माझंही आहे त्यात," तो म्हणाला. "पूर्वी रोज आईशी बोलायचो. हिरवं दिसायला लागल्यावर राहून जायचं. त्या दिवशी दुपारी मनात आलं होतं फोन करावा." त्यानं हेल्मेट पुन्हा घातलं. "बाकीच्या घरांना सांगणार आहात?"

"सांगणार."

"आजच सांगा."

पिरंगुटकडे जाणाऱ्या बसमध्ये मला खिडकीजवळ जागा मिळाली. मी उरलेल्या वीस घरांच्या मुलामुलींना एकच मजकूर पाठवला : हिरवी खूण आली म्हणजे घरी सगळं बरं आहे असं समजू नका. ती कुणीही, कशासाठीही दाबलेली असू शकते. आज घरी फोन करा. सौरभला न विचारता पाठवला. दहा मिनिटांत त्याचा फोन आला.

"तुला वेड लागलंय का? परवा लोक येतायत! आधी मला विचारायचं तरी!"

"तुला यादी पाठवलीये. चोवीस तारीख वाच."

"एका घरात गैरसमज झाला म्हणून सगळ्यांना—"

"सौरभ, आधी वाच. मग बोल."

त्यानं फोन ठेवला. बस पिरंगुटच्या गर्दीत अडकली असताना पुन्हा आला. आता आवाज खाली गेला होता. "वाचलं," म्हणाला. "या आकड्यावर मी टाळी वाजवली होती ना ऑफिसात?"

"मीही वाजवली होती," मी म्हणाले.

तो वाईट माणूस नाही. शुक्रवारची भेट त्यानं रद्द केली आणि त्याच आठवड्यात ॲप बंद केलं. वीसपैकी सहा जणांचं उत्तर आलं. त्यातल्या तिघांनी नुसता अंगठा पाठवला. घोटावड्याच्या काकूंच्या लेकीनं विचारलं, मग आता तुमच्याकडे दुसरं काय आहे? आमच्याकडे काही नव्हतं. दिवाळीच्या आधी कंपनी मिटली, त्याला आणखीही कारणं होती.

जांब्याहून त्या वस्तीपर्यंत जायला, न थांबता गेलं तर, अडीच तास लागतात. बटण तयार करायला आम्हाला सात महिने लागले होते. त्याचा हिरवा रंग किती गडद असावा यावर आम्ही दोन दिवस घालवले होते. त्या सात महिन्यांत एखादा दिवस काढून कुणी वर गेलं असतं, भागूबाईच्या हातात फोन देऊन नुसतं शेजारी बसलं असतं, तर तिनं अर्ध्या तासात आम्हाला सगळं सांगितलं असतं. हा विचार मी बसमध्ये केला, जांब्याच्या जिन्यावर केला, आणि अजून करते. त्यातून निघणारं काही नाही.

धोंडिबा सप्टेंबरच्या शेवटी गेले. संतोषनं कळवलं. तेरावं झाल्यावर मी पुन्हा तिकडे गेले, या वेळी कुणी पाठवलं नव्हतं. भात निसवायला (लोंब्या बाहेर पडायला) लागलं होतं आणि खाचरांवरून आंबेमोहराचा वास येत होता. धुकं नव्हतं. डोंगर माथ्यापर्यंत दिसत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. भागूबाई पडवीत घेवड्याच्या शेंगा निवडत बसली होती. संतोष खाली शेतात होता. मी समोर बसले आणि वाटेत जुळवून आणलेलं बोलायला तोंड उघडलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "बोलून काय हुतंया." आणि शेंगा ठेवलेलं सूप माझ्या बाजूला सरकवलं.

मी शिरा काढत बसले. शेवटच्या गाडीची वेळ होईपर्यंत आम्ही दोघी तेच करत होतो. तिनं मला माफ केलं असं मी समजत नाही. मी उठत असताना तिनं एक चांगली भरलेली शेंग उचलून उन्हाकडे धरली, आत कीड आहे का पाहिलं, आणि दुसरी उचलली. मी खाली उतरून गाडी धरली.